चौथा रकाना

नववी ‘ब’चा पाचवा तास माझ्या वाट्याला आला तेव्हा स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सरांनी बजावलं होतं, “मॅडम, त्या तासाले शिकवाच्या भानगडीत पडू नका. फक्त पोरं सांभाळा.” पाचवा तास म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला. माझा विषय गणित. वर्गशिक्षिकाही मीच.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस, सोयाबीन आणि तुरीचं. पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा आहे आणि आसपासच्या सात खेड्यांतली मुलं इथं येतात. मी तालुक्याहून अप-डाउन करते. शाळेचं नाव लिहीत नाही, मुलांची तर नाहीच नाही. ती अजून त्याच गावांत राहतात.

उन्हामुळं विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्या वर्षीही तशाच उघडल्या, आणि जुलै संपेपर्यंत मी पुरती थकले होते. खिडकीच्या जाळीत खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, तपकिरी पिचकाऱ्या. फळ्याकडे वळलं की मागून मांजराचा आवाज. निम्म्यांकडे वही नाही, वही असली तर पेन नाही. कर्कटकानं बाकांवर कोरलेली नावं, त्यात वर्गातल्या मुलींचीही. सुट्टीत एकाची चप्पल विहिरीत, दुसऱ्याचा शर्ट फाटलेला. आणि सहाव्या तासाला मागच्या दोन रांगा रिकाम्या, कारण मुलं कंपाउंडच्या पडक्या कोपऱ्यातून केव्हाच निघून गेलेली. यातलं एकही प्रकरण पोलिसात जाण्याइतकं मोठं नव्हतं. पण रोज असंच चाललं की शिकवणं बाजूलाच राहतं.

मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली की ते म्हणायचे, “लेखी द्या. पालक आले की विचारतात, पुरावा काय?” त्यांचंही चुकत नव्हतं. मग मी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखले. तारीख आणि तास, कोण, काय झालं, आणि त्याच्या आधी काय झालं. चौथा रकाना का आखला हे आज नीट सांगता येत नाही. विज्ञानाच्या प्रयोगवहीची सवय असेल. महिनाभर तो रकाना कोराच होता. पहिले तीन मात्र मी रागारागानं भरत होते.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा पाचव्या तासाला झोपला, आणि त्या आठवड्यातली ही चौथी वेळ होती. मी जवळ जाऊन बाकावर डस्टर आपटलं. तो दचकून उठला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “झोपू द्या ना बाप्पा!” वर्ग हसला. माझा पारा चढला. पूर्ण तास त्याला व्हरांड्यात उभं केलं आणि डायरीत लिहिलं, “उद्धट वर्तन. पालकांनी भेटावे.”

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. वावरातून थेट आले होते, पायाला काळी माती तशीच होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी त्यांना डायरी वाचून दाखवली. त्यांनी काही विचारलं नाही. पायातली चप्पल काढली आणि पोराच्या पाठीत घातली, एकदा, दोनदा, तीनदा. मी मध्ये पडले ते तिसऱ्या फटक्यानंतर. तोवर माझे पाय जागचे हललेच नाहीत. मुलगा रडला नाही. खाली बघून शर्टाचं वरचं बटण नुसतं लावत राहिला. ते आधीपासूनच लागलेलं होतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या सतराव्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. आमच्या शाळेत छडी नाही, याचा मला अभिमान होता. त्या दिवशी छडी मी हातात घेतली नव्हती, पण बोलावणं माझ्या सहीचं होतं.

त्यानंतर मुलगा नऊ दिवस शाळेत आला नाही. दहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या गावी गेले. शाळेतल्या एका सरांनी मोटरसायकलवर सोडलं. आई अंगणात चूल पेटवत होती. मला बघून आधी घाबरलीच. मग बाज झटकली, पाणी दिलं. पोरगा कुठं आहे विचारलं तर म्हणाली, “वावरात गेला मॅडम, जागलीले.”

जागल म्हणजे रात्रभर पिकाची राखण. आमच्याकडे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांचा त्रास फार. शेंगा भरायला लागल्या की डुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर सोयाबीन लोळवून ठेवतो. त्याच्या वडिलांचा हात मोडला होता आणि सळई टाकलेली होती, त्यामुळं मचाणावर चढणं त्यांना जमत नव्हतं. “मंग कोन जाईन? हाच जाते,” आई म्हणाली. “रातभर डबडं वाजवते, सकाऊन घरी येते, आंग धुते अन् तसाच मोटरीत बसते. तुमाले सांगाले लाजला असन.”

आमच्याकडे एसटीला अजून पुष्कळ जण मोटरच म्हणतात. सकाळची मोटर त्यांच्या गावातून साडेआठला निघते.

मी तिथं वडिलांची वाट बघत थांबले. ते आल्यावर म्हटलं, “भाऊ, चूक माझी झाली. मी आधी विचारायला पाहिजे होतं.” त्यांना काय बोलावं सुचेना. बराच वेळ ते हातातल्या सळईच्या जागेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “पाठवतो उद्या.” त्या रात्री घरी येऊन मी वही उघडली आणि त्याच्या चारही नोंदींपुढं, चौथ्या रकान्यात, लिहिलं: रात्रभर जागल. तोवर त्या रकान्यात शाई पडलीच नव्हती.

मग मी इतरांचा चौथा रकाना भरायला घेतला. हे काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. “असं का केलंस?” विचारलं की नववीतला मुलगा एकच उत्तर देतो, “काई नाई मॅडम.” त्याच्या दृष्टीनं तो प्रश्न नसतोच, ती शिक्षेची सुरुवात असते. हळूहळू मी प्रश्न बदलले. आज किती वाजता उठलास? काय खाऊन निघालास? मोटर किती वाजता आली? मोटरीतून उतरल्यावर कुठं होतास? यांची उत्तरं मुलं लगेच देत. अट एकच, बाकीची पोरं ऐकत नसावीत. म्हणून मी प्रयोगशाळेतली बाटल्या पुसण्याची कामं काढायची, एकेकाला मदतीला घ्यायचे आणि बाटल्या पुसता पुसता बोलायचे. हात कामात असले की मुलगा मोकळा होतो. डोळ्याला डोळा भिडवून बसवलं तर ओठ शिवल्यासारखा गप्प राहतो.

सप्टेंबरअखेर वहीत ६१ नोंदी झाल्या होत्या. एका रविवारी घरी जमिनीवर बसून त्या वेगळ्या केल्या. ६१ पैकी ४० पाचव्या आणि सहाव्या तासाच्या निघाल्या. मारामाऱ्या जवळपास सगळ्या ‘मोटरवाले’ विरुद्ध ‘गावातले’ अशा. आणि चौथ्या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली होती: सकाळी चहा-टोस्ट, त्यानंतर काही नाही.

मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, ती सव्वादहाला येते. मुलं साध्या एसटीनं येतात. ती नऊला येते आणि त्यानंतरची थेट साडेअकराला. शाळा साडेदहाची. म्हणजे मोटरवाली पोरं रोज दीड तास बसस्टॉपवर रिकामी, आणि बसस्टॉपला लागून पानठेला. त्यांच्या आया सातलाच निंदायला निघालेल्या असतात. त्याआधी भाकर थापून डबा भरून देणं बहुतेक घरांत जमत नाही. ज्यांचा डबा होतो त्यांना तो आणायची लाज वाटते, कारण गावातली मुलं सुट्टीत घरी जाऊन गरम जेवून येतात.

आणि पोषण आहार आठवीपर्यंतच. सुट्टीत पाचवी ते आठवीच्या पंगती बसतात, खिचडीचा वास साऱ्या व्हरांड्यात पसरतो, आणि नववीची मोटरवाली पोरं नळावर पाणी पिऊन बाहेर फिरतात. तीच पोरं मार्चमध्ये त्याच पंगतीत बसत होती. मी त्या शाळेत अकरा वर्षं होते आणि हे रोज बघत होते. कळलं मात्र वहीतून.

सुट्टीनंतर येणारा गावातला मुलगा जेवून आलेला, मोटरवाला सकाळपासून उपाशी, आणि दोघं एकाच बाकावर. त्यात कुणीतरी “भुक्कड” म्हणतं. चप्पल विहिरीत गेली होती ती याच शब्दापायी.

सभेत मी हे मांडलं तेव्हा दोन मतं पडली. एक सहकारी म्हणाले, “आपण शिक्षक आहोत, खानावळ नाही. उद्या कपडेही आपणच द्यायचे का?” त्यांचा वैताग मला समजत होता. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, या सगळ्यातून उरलेल्या वेळात आम्ही शिकवतो. पण उपाशी पोराला मी दोन चलांतली समीकरणं शिकवू शकत नाही, हेही तितकंच खरं आहे.

सरकारी तांदळाला हात लावणं शक्यच नव्हतं, त्याचा दाण्यादाण्याचा हिशोब असतो. खिचडी शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायांना मी विचारलं, “मावशी, खिचडी उतरल्यावर त्याच चुलीवर एक गंज घुगऱ्या होतील का?” त्या म्हणाल्या, “चूल तं पेटलेलीच असते. हरबरा आना.” पहिले दोन महिने आम्ही पाच शिक्षकांनी मिळून हरभरा आणला. उकडलेला हरभरा, त्यात कांदा, मीठ, थोडं तिखट. पुढं पालकसभेत सांगितल्यावर कुणी दोन किलो, कुणी पाच किलो आणून दिला. एका आजीनं जवसाची चटणी भरून बरणी पाठवली. फक्त मोटरवाल्यांना दिलं असतं तर पुन्हा तोच “भुक्कड” ऐकावा लागला असता. म्हणून नववी-दहावीच्या सगळ्यांना दिलं, आणि वाढायला पाळी लावली: एक गावातला, एक मोटरवाला. पहिल्या आठवड्यात गावातली पोरं नाकं मुरडत होती. तिसऱ्या आठवड्यात तीच घरून लिंबू आणायला लागली.

पाचवा तासही बदलून घेतला. त्या वेळेला कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण ठेवलं, गणित दुसऱ्या तासाला नेलं. वेळापत्रक बदलणं म्हणजे चार जणांची मनधरणी. त्यात पंधरा दिवस गेले.

सकाळच्या दीड तासाचा प्रश्न शिपाईदादांनी सोडवला. ते गावातलेच. नऊ वाजता ग्रंथालयाची खोली उघडून द्यायचं त्यांनी कबूल केलं. सुरुवातीला तीन मुलं आली, तीही कॅरमसाठी. मी तेवढ्यावर समाधान मानलं. त्यांना तिथं अभ्यासाला बसवायची घाई केली असती तर तीही पुन्हा पानठेल्यावर गेली असती. दिवाळीनंतर पंधरा-सोळा जण नियमित येऊ लागले. कॅरमसोबत हळूच गृहपाठही होऊ लागला, बराचसा एकमेकांचा उतरवून. तेही मी चालवून घेतलं.

खर्र्याचं मात्र इतक्या सहज झालं नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेलं मिश्रण. आमच्याकडे तो मरणादारी, लग्नात, पारावर, कुठंही पुढं केला जातो. मुलं पैसे गोळा करून पाच जणांत एक घेतात. खर्र्यानं भूक मरते, हे मला एका मुलानंच बाटली पुसताना सांगितलं. “पोटात काई मागत नाई मंग,” म्हणाला. ते ऐकून माझ्या हातातली बाटली निसटली.

विज्ञानाच्या मॅडमना सोबत घेऊन आम्ही एक साधी तपासणी केली. तोंड पूर्ण उघडायचं आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का बघायचं. मुलांना तो खेळच वाटला. खिदळणं चालू होतं. एका मुलाची दोनच बोटं गेली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, मान वर करून, जबडा ताणून. दोनच. वर्ग शांत झाला. तो चौदा वर्षांचा होता.

त्याच्या आईशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “म्हनूनच तं तो ठेचा खात नाई आता. तोंड पोयते म्हनते.” तोंडाची अशी आग ही या आजाराची सुरुवातीची खूण असते. त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्याचं मुख्य कारण सुपारी. वडील त्याला वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी समजावलं की सुपारी-तंबाखू पूर्ण सोडली तर पुढचं आखडणं आटोक्यात राहू शकतं, पण आखडलेलं तोंड आपोआप पहिल्यासारखं होत नाही. शिवाय पुढं कर्करोगाचा धोका असतो, म्हणून तपासणीला येत राहावं लागेल. त्याला तोंड उघडण्याचे व्यायाम दिले. तो ते ग्रंथालयाच्या खोलीत सकाळी करायचा, भिंतीकडे तोंड करून. हसणाऱ्याला बाकीची पोरंच गप्प करायची.

पानठेल्याचा मालक गावातलाच आणि त्याचा मुलगा आमच्याच शाळेत सातवीत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. अल्पवयीन मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही आधी त्याच्याकडे गेलो, नंतर ग्रामसभेत. पोलिसांच्या बीट जमादारांनी हे कलम सभेत वाचून दाखवलं तेव्हा पुष्कळांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. ठेला बसस्टॉपच्या पलीकडे, नाल्याजवळ गेला. पण “बाबानं मंगवला” म्हणणाऱ्या पोराला खर्रा मिळायचा थांबला नाही. मग पालकसभेत मी हात जोडून एकच मागितलं: स्वतः खायचा तर खा, पण पोराला आणायला पाठवू नका. बापांपैकी निम्मे खाली बघत होते. दोन जणांनी उठून कबूल केलं. बाकीच्यांचं मला सांगता येत नाही.

मुलींचं वेगळं होतं. मुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती होती, तक्रारपेटीही होती, पण पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगलेली. तिथं चिठ्ठी टाकताना अख्खी शाळा बघणार. ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडच्या भिंतीवर हलवली आणि पहिल्याच आठवड्यात सात चिठ्ठ्या निघाल्या. बाकांवर कोरलेल्या नावांबद्दल, नळावर कुणी काय बोलतं त्याबद्दल, आणि एक चिठ्ठी आडनावावरून मारल्या जाणाऱ्या टोमण्यांची. ज्यांनी नावं कोरली होती त्यांच्याकडून आम्ही पॉलिश पेपरनं बाक घासून घेतले. त्याला दोन शनिवार लागले, मीही सोबत घासले. चोरून फोटो काढणाऱ्या एकाचा मोबाइल त्याच्या आईच्या हातात दिला आणि तिच्यासमोर फोटो पुसायला लावले. या वेळी वडिलांना बोलावलं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वहीत १९ नोंदी झाल्या. पिचकाऱ्या कमी झाल्या पण गेल्या नाहीत. दोन मुलं अजूनही कंपाउंडवरून पळायची. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली ती राहिलीच. मी तिच्या घरी तीनदा गेले. तिसऱ्यांदा दार बंद होतं, आतून भावाच्या रडण्याचा आवाज येत होता. तिच्यासाठी मी आणखी काय करायला हवं होतं, हे अजून मनातून जात नाही.

जागलीवाला मुलगा सप्टेंबरात शाळेत आला, पण महिनाभर माझ्याशी बोलला नाही. हजेरीला “येस मॅडम” म्हणायचा तेवढंच. मीही बोलायला भाग पाडलं नाही. सोयाबीन निघाल्यावर जागल संपली, झोपणं थांबलं. डिसेंबरात एका शुक्रवारी, शाळा सुटताना, तो स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात दप्तर, नजर माझ्या चपलांवर.

“मॅडम, सोमवारपासून लाइट रातची हाये. हरबऱ्याले पानी द्याचं हाये. ओलताले मलेच जा लागते, बाबाचा हात नाई चालत. चार दिवस झोप नाई होनार माही.”

“बरं,” मी म्हटलं.

“तुमच्या वहीत लिवून ठेवा,” तो म्हणाला. “आधीच.”

मी वही काढली. त्यानं वाकून बघितलं आणि मी कुठल्या रकान्यात लिहिते ते नीट पाहून मोटर गाठायला पळाला.